पार्वताबाईंचा पासवर्ड

"बॅकअप घेतलाय का?" असं मी विचारलं की गिऱ्हाईक आधी "हो, हो" म्हणतं. "कुठे घेतलाय?" असं विचारलं की माझ्याकडे असं बघतं, जसं काही मी त्याचा पगारच विचारला. मग हळूच कळतं की डेस्कटॉपवरच 'न्यू फोल्डर' नावाचं फोल्डर करून त्यात सगळं कोंबलंय, आणि त्यालाच साहेब बॅकअप म्हणतात. अरे बाबा, घर जळालं तर कपाटातलं सामान वाचतं का? पण सांगणार कोणाला! आपण घसा कोरडा करायचा आणि त्यांनी मान हलवायची.

मी दीपमाला. धुळ्याला देवपुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात शिरलेला माणूस अजूनही इकडेतिकडे बघून विचारतो, "साहेब नाहीत का?" मी सांगते, "साहेब घरी कुकर लावतायत. तुम्ही बोला." ललित, म्हणजे माझा नवरा, खरंच लावत असतो, तो शाळेत शिक्षक आहे आणि माझ्याआधी घरी पोचतो. माझं तोंड फटकळ आहे, मला माहीत आहे. आता या वयात ते काही बदलायचं नाही. पण ज्या गिऱ्हाइकाशी मी सगळ्यात जास्त भांडले, त्याच्याबद्दल मला सांगायचंय.

देवचंद बैसाणे. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही. मूळचे साक्रीकडचे. सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात झाली, बॉयलरवर, शिफ्ट ड्यूटी. रिटायर झाल्यावर धुळ्यात घर घेतलं, कारण गावही जवळ आणि दवाखानेही जवळ. मुलगा प्रशील पुण्याला असतो, नात ऋतिका तिकडेच कॉलेजात. इथे घरात आबा आणि त्यांची बायको पार्वताबाई, दोघंच. कॉम्प्युटर त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता, म्हणून पार्वताबाईंना मी एक-दोनदा पाहिलेलं. बारीक चणीची बाई, चष्मा सारखा नाकावर ढकलायची. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात त्या वारल्या. घरात आबा एकटे राहिले.

आणि तेव्हापासून आबांचा कॉम्प्युटर सारखा बिघडायला लागला. आठवड्याला फोन. "बेटा, माउस चालत नाही." मी जायचे, तर माउसची वायर मागून निघालेली. लावली की चालू. पुढच्या आठवड्यात स्पीकरची वायर. मग कीबोर्डची. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी बहिणीनं गावाहून धाडलेले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, भाजून ताटलीत, आणि मी उठायला लागले की नवा प्रश्न. "बेटा, हे ब्लूटूथ म्हणजे नेमकं काय असतं?" दाराशी पोचले की आणखी एक. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आबा, तुमच्या घरात उंदीर आहेत का, जे नुसत्या वायरी उपसतात आणि कुरतडत मात्र नाहीत?"

आबा हसले नाहीत. म्हणाले, "उंदीर असता तर बरं झालं असतं. खुडबुड तरी झाली असती."

मग त्यांनी सांगूनच टाकलं. वायरी तेच काढायचे. दिवस दिवस दाराची बेल वाजत नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून निघून जातो. टीव्ही लावून ठेवतो, पण टीव्ही काही आपल्याशी बोलत नाही. प्रशीलचा फोन रोज येतो, पोरगा गुणाचा आहे, पण "जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवतो" एवढ्यात फोन संपतो. "त्यालाही काय बोलायचं असणार?" आबा म्हणाले. "माझ्याकडे तरी नवीन काय आहे सांगायला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "वायरी काढू नका. सरळ फोन करा, 'दीपा, ये' म्हणा. बिबडे मात्र लागतील." तेव्हापासून दुकानातून घरी जाताना मी त्यांच्या फाटकाशी थांबायला लागले. तेवढंच.

गेल्या ऑक्टोबरात जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले आणि माझ्या दुकानात नुसती झुंबड उडाली. नवीन विंडोज जुन्या मशीनला झेपत नाही, नवीन मशीन घ्यायची सगळ्यांची तयारी नसते, म्हणून मी त्यांना विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स टाकून देते. हलकं असतं, जुन्या डब्यावरही बरं चालतं. फक्त एक आहे, आधी आतलं सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं, कारण नवीन टाकताना जुनं पार पुसून निघतं. घराला रंग देताना आपण सामान अंगणात काढतो, तसंच हे. अंगणात काढायला विसरलात तर मग माझ्या नावानं बोटं मोडू नका.

आबांनाही मी सांगत होते, आबा ऐकत नव्हते. "बघू, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. "बघू, थंडी जाऊ दे." आता कॉम्प्युटरला थंडी वाजते का? मग एक दिवस त्यांच्या स्क्रीनवर भली मोठी लाल पाटी आली: तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे, या नंबरवर फोन करा. आणि आबांनी फोन केला! नशीब, पलीकडचा माणूस फार घाई करायला लागला तसे आबा वैतागले आणि त्यांनी ठेवून दिला. प्रशीलला हे कळलं तसा त्यानं पुण्याहून मला फोन लावला. "दीपाताई, ते जुनं काढून टाका बरं एकदाचं. बाबांच्या भरवशावर ठेवू नका."

मी जाऊन बघितलं, तर डिस्कमधून कट्-कट् आवाज येत होता. असा आवाज यायला लागला की डिस्कचे दिवस भरले समजायचं. आज चालेल, उद्या चालेल, परवाची खात्री नाही. म्हटलं, "आबा, आता टाळाटाळ बंद. डिस्कही बदलायची आणि विंडोजही. रविवारी येते, बॅकअप घेऊ."

रविवारी गेले. कॉम्प्युटर चालू झाला, स्क्रीनवर दोन गोल आले. एकाखाली लिहिलेलं 'आबा', दुसऱ्याखाली 'पार्वताबाई'. दोघांची वेगवेगळी खाती, ऋतिका सुट्टीत आली तेव्हा तिनं करून दिलेली. ऋतिका आजीच्या गोलाखाली 'आजी' लिहीत होती, तर पार्वताबाई म्हणाल्या, "नको. माझं नाव लिही. सगळे मला प्रशीलची आई म्हणतात, इथे तरी माझं नाव असू दे." हे आबांनीच मला सांगितलं.

आबांचं खातं उघडलं आणि कामाला लागले. दीपनगरच्या कॉलनीतले फोटो, विहारातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ, भीमगीतं, ऋतिकाचा बालवाडीतला नाच. सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवलं, कारण एकच प्रत म्हणजे नसल्यात जमा. नुसतं उतरवून मी सोडत नाही, उघडून बघते. चार फोटो उघडले, दोन गाणी वाजवली. आबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. खुशीत होते. "बठ्ठं ली जाय बेटा, काही ठेवू नको," म्हणाले. मनापासून बोलायला लागले की आबा अहिराणीत शिरतात.

मग मी मागे जाऊन दुसऱ्या गोलावर बाण नेला आणि म्हटलं, "आता हे."

आबा म्हणाले, "हे असंच्या असं नेता येईल का?"

"आतलं सामान नेता येईल. हा गोल नाही. तो विंडोजचा आहे, विंडोजबरोबर जाणार."

"म्हणजे तिचं नाव दिसायचं नाही?"

"नवीन खातं करून देते ना. तेच नाव टाकू."

"ते आपण टाकलेलं होईल," आबा म्हणाले. "हे तिनं सांगून लिहून घेतलेलं आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस दिवाळी आणि थंडी कशासाठी पुढे करत होता. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करून ते आधी त्या नावाकडे बघायचे आणि मग स्वतःचं खातं उघडायचे. तिचं मात्र ती गेल्यापासून कोणी उघडलेलं नव्हतं. पासवर्ड आबांना माहीत नव्हता.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "पासवर्ड लागतोच कशाला? कुलूप नुसतं पुढच्या दाराला आहे, मागची भिंत मोकळी आहे. तुमच्या खात्यातून आत शिरते आणि सगळं उचलते. चहा होईपर्यंत काम संपेल."

"नाही," आबा म्हणाले.

"अहो, पण..."

"नाही म्हटलं ना! तिनं कुलूप लावलंय. भिंत फोडून मी आत जाणार नाही. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये माझी आई, बहिणी, गावाकडून शिकायला आलेले पुतणे. तिला बसायला कोपरा नव्हता कधी. ही एवढी एक जागा तिची झाली. तिथे मी चोरासारखा शिरू?"

"आबा, डिस्क मरतेय!" माझा आवाज चढला. "तत्त्वज्ञान नंतर पाजळा. आज नाही काढलं तर ना खोली राहणार, ना खोलीतलं सामान."

"मग मरू दे," आबा म्हणाले. आणि बोलून गेल्यावर स्वतःच त्या डब्यावर हात ठेवून बसले.

ते शेर होते तर मी सव्वाशेर होते, पण अशा माणसाशी भांडून काय मिळवायचं? आबा शेजारीच बसून होते, म्हणून त्यांच्या नकळत उचलणंही जमण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलंही नसतं. म्हटलं, "बरं. मग कुलूप उघडू. काय काय टाकून बघितलंत?"

सगळं टाकून बघितलं होतं. प्रशील, ऋतिका, दोघांची नावं जोडून. लग्नाची तारीख. माहेरचं गाव. तिच्या आईचं नाव. जयभीम. दीपनगर. "आणि बघ," आबा म्हणाले, "चुकलं की काय येतं ते बघ." त्यांनी काहीतरी चुकीचं टाकलं. चुकीचा पासवर्ड, असं आलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ. पासवर्ड विसरला तर आठवण व्हावी म्हणून आपणच लिहून ठेवायची असते, ती ओळ. पार्वताबाईंनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: 'तुम्हाला माहीत आहे.'

"तुम्हाला म्हणजे मला," आबा म्हणाले. "दुसऱ्या कोणाला ती असं कशाला लिहील? ती म्हणते तुम्हाला माहीत आहे. आणि माले माहीत नही शे, बेटा! एवढा संसार केला, आणि बायको विश्वासानं सांगून गेली की तुम्हाला माहीत आहे, आणि मी इथे अडाण्यासारखा बसलोय. दीड वर्ष झालं, मी रोज परीक्षेला बसतो आणि रोज नापास होतो."

मग ते बोलत राहिले. मी अडवलं नाही. दुपारी ती कॉम्प्युटरवर बसायची, टकटक आवाज यायचा. आबा जवळ गेले की बंद करायची. काय करतेस विचारलं, तर म्हणायची, "काही नाही. तुमचं काय अडलं?" आबांना वाटायचं, माझ्या तक्रारी लिहीत असेल. "शिफ्ट करून आलो की मी दिवसा झोपायचो, पोरांचं, पाहुण्यांचं सगळं तिनं एकटीनं ओढलं. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं तिच्याकडे. राग असेल तर असू दे, पण काय होतं ते मला वाचायचंय. तिनं दार उघडून दिलं तर."

"हट्टी होती," आबा म्हणाले. "माझं सगळं ऐकलं, एक गोष्ट नाही ऐकली. माझं नाव घेतलं नाही कधी."

लग्न होऊन आली तेव्हा बहिणींनी दारात अडवली, नाव घे म्हणाल्या. ती उभीच राहिली. जेवणं खोळंबली. शेवटी सासूनंच म्हटलं, येऊ द्या गं पोरीला आत. पुढे दीपनगरला आबा विहारातल्या कार्यक्रमात बायकांना सांगायचे, नवऱ्याचं नाव घेतल्यानं काही होत नाही, तो तुमचं घेतो ना, तुम्हीही घ्या, अंधश्रद्धा आहे ही. कॉलनीतल्या बायका घ्यायला लागल्या. पार्वताबाई सतरंजीवर बसून ऐकायच्या आणि घरी आल्यावर "अहो, प्रशीलचे बाबा." दोस्त चिडवायचे, बैसाणे अख्ख्या महाराष्ट्राला लाइट देतो आणि याच्याच दिव्याखाली अंधार!

"एकदा मी रागावलो. म्हटलं, एवढी काय लाज वाटते माझ्या नावाची? तर म्हणाली, तुम्ही आगीपाशी काम करता. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. खोटं असेल. पण मी कशाला घेऊन बघू?"

शेवटी दवाखान्यात असताना आबांनी पुन्हा विचारलं होतं. आता तरी घे. ती मान हलवून नाही म्हणाली. म्हणाली, "अजून जगायचंय तुम्हाला."

"जगतोय," आबा म्हणाले. "आई होती ती 'देवचंद' म्हणायची. मोठा भाऊ म्हणायचा. ते गेले. दोस्त 'बैसाणे' म्हणायचे. प्रशील बाबा म्हणतो, तुम्ही आबा म्हणता, बँकेतली पोरगी सर म्हणते. माझ्या नावानं हाक मारणारं माणूसच उरलं नाही. कधी कधी मीच मोठ्यानं म्हणून बघतो. वेड्यासारखं वाटतं मग."

उठताना मी एवढंच म्हटलं, "आबा, आठवून बघा अजून. पण कॉम्प्युटर चालू करू नका. जितका चालेल तितकी डिस्क झिजेल."

"म्हणजे नावही बघायचं नाही?"

"नाही."

त्यांनी मान डोलावली आणि स्वतः उठून प्लग काढला.

त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. सासू-सासरे गावाकडेच असतात. ललित दोघांना घेऊन आला. नदीपलीकडच्या दवाखान्यात ललित डॉक्टरांशी बोलत होता, मी जुन्या रिपोर्टांच्या झेरॉक्स काढायला गेले होते. परत येते तो काउंटरपाशी ही गर्दी, आणि मधोमध आमच्या सासूबाई, भिकुबाई.

"आजी, पेशंटचं नाव सांगा," काउंटरवरची मुलगी विनवत होती.

"त्या तठे बठेल शेतस ना, त्यासनं," सासूबाई बाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"हो, पण त्यांचं नाव काय?"

सासूबाईंनी दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवल्या. मुलगी बघतच राहिली. सासऱ्यांचं नाव चुडामण. सासूबाई आपल्या परीनं चुडा दाखवत होत्या. पण त्या बिचारीला काय कळणार? तिनं विचारलं, "बांगडे आडनाव आहे का?" मागचे लोक खो-खो हसायला लागले. सासरे बाकावर कान नसल्यासारखे बसून होते, त्यांना खरंच कमी ऐकू येतं. शेवटी सासूबाईंनी मुलीच्या हातातला पेन ओढून घेतला, समोरचा चिठोरा ओढला आणि सातवीपर्यंतच्या शाळेला स्मरून ठसठशीत अक्षरात लिहिलं: चुडामणराव.

"राव आधार कार्डावर आहे का आजी?"

"नसू दे! उघडं नाव कसं लिखू मी?"

मी हसत पुढे झाले. म्हटलं, "काय हो आई! बोलायला जीभ जड होते आणि लिहायला हात जड होत नाही का?"

"लिखाले काय जास वं?" सासूबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. "तोंडमा येवाले नको, बस. हात ते भाकरी बी करस."

मी तिथेच उभी राहिले. तोंडात येऊ द्यायचं नाही. हाताला बंदी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सरळ होतं, आधीच कसं सुचलं नाही? नाही सुचलं. आबांनाही नाही आणि मलाही नाही. जिनं मरतानासुद्धा नाव घेतलं नाही, ती रोज दुपारी घेत असेल, हे कोणाच्या मनात येईल? आबांनी सगळ्या जगाची नावं टाकून बघितली, तेवढं एक सोडून.

झेरॉक्स ललितच्या हातात कोंबल्या आणि म्हटलं, "आलेच." सासूबाई मागून ओरडल्या, "कोठे चालनी वं?" पण मी स्कूटर काढलीसुद्धा. पांझरेच्या पुलावर गाड्यांची गर्दी, आणि माझ्या डोक्यात ती कट्-कट्. पोचेपर्यंत टिक रे बाई, एवढंच म्हणत होते.

आबांनी दार उघडलं तेव्हा हात ओले होते, खिचडीचे तांदूळ धूत होते. "कॉम्प्युटर चालू करा," मी म्हटलं.

"तूच नको म्हणाली होतीस."

"आता मीच हो म्हणतेय."

कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ लागला की मला वाटलं, संपलं. डिस्क आतून दातओठ खात होती. आबा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. मग दोन गोल आले. मी पार्वताबाईंच्या नावावर टिचकी मारली आणि म्हटलं, "तुम्ही जरा खिडकीकडे बघा." का म्हटलं, मलाही माहीत नाही. चुकलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर चुकायला नको, असं वाटलं असेल. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: देवचंद.

चुकीचा पासवर्ड. तुम्हाला माहीत आहे.

"जाऊ दे बेटा," आबा खिडकीकडेच बघत म्हणाले. "कर नवीन. आता मला झेपत नाही हे."

एवढी धावत आले ती याच्यासाठी? मग एकदम सासूबाईंचा तो चिठोरा डोळ्यांसमोर आला. उघडं नाव कसं लिहू मी? मी पुन्हा टाइप केलं, पुढे राव लावलं आणि बटण दाबलं.

ते छोटं चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मग स्क्रीनभर ऋतिकाचा फोटो आला, दोन वेण्यांतला.

"आबा," मी म्हटलं, "या. दार उघडलंय."

आबा आले. चष्मा शोधला, डोक्यावरच होता. खुर्चीत बसले आणि स्क्रीनला अगदी नाक लावून बघायला लागले. फार काही नव्हतं. स्वेटर विणायचे व्हिडिओ होते. ऋतिकाचे फोटो, तेच तेच दोन-तीनदा उतरवलेले. तक्रारीची एक ओळ कुठे नव्हती. आणि पत्त्यांचा खेळ. तो उघडला, तर किती डाव खेळले, किती जिंकले, सगळं आलं. हजारावर डाव होते!

"पत्ते!" आबा म्हणाले. "दुपारभर पत्ते कुटत होती ही बाई! आणि मला म्हणायची, तुमचं काय अडलं!" ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही त्यांना सुचेना. मी त्यांना हसू दिलं आणि रडूही दिलं, आणि तोवर सगळं उतरवून घेतलं. दोन डिस्कवर. उघडून बघितलं. त्या पत्त्यांच्या आकड्यांचाही फोटो काढून ठेवला, आबांनी सांगितलं म्हणून.

मग आबांनी चेहरा पुसला आणि सरळ बसले. "आता काढ तुझं विंडोज," म्हणाले. "आता चालेल. तिनं उघडून दिलं, आपण बघितलं, झालं."

मी स्क्रूड्रायव्हर काढला.

"पण पासवर्ड काय होता गं?" आबांनी विचारलं. "तुला कसा सापडला? मला माहीत आहे म्हणायची, तो काय होता?"

मी तोंड उघडलं आणि जीभ अडली. माझी जीभ! घरी मी नवऱ्याला 'अरे ललित' म्हणते. पण वडिलांच्या वयाचा माणूस, त्याचं नाव त्याच्या तोंडावर मी कसं घेऊ? आणि तेही राव लावून, बायको घेते तसं. टाइप करून दाखवणं सोपं होतं. पण टाइप केलेलं तर दीड वर्ष त्यांच्या घरात पडूनच होतं. त्याला आवाज नव्हता.

आबा वाट बघत होते. मी पदर सारखा केला, स्वयंपाकघरातून बाहेरच्या माणसाला हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "देवचंदराव!"

"ओ," आबा म्हणाले.